आगबोटीच्या काळातलं वसाहती-वसाहतींमधलं टपाल: बोट कोण ठरवायचं, पैसे कोण भरायचं आणि पाकिटावर ते कसं वाचायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हाती दोन जुनी पाकिटं आहेत. एक १८८४ सालचं, मुंबईहून मेलबर्नला गेलेलं, मागे टुटिकोरिन आणि कोलंबोचे शिक्के. दुसरं १८७५ सालचं, पणजीहून लिस्बनला, आणि त्यावर पोर्तुगीज इंडिया व ब्रिटिश इंडिया या दोघांची तिकिटं शेजारी-शेजारी. विलायतेला जाणाऱ्या टपालाची व्यवस्था कळते; पण एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत जाणाऱ्या पत्रासाठी बोट कोण ठरवायचं, तिचं भाडं कोण द्यायचं आणि तिकिटाचे पैसे शेवटी कुणाच्या खिशात जायचे?

इथे तीन वेगळे हिशोब आहेत आणि बहुतेक घोटाळा ते एकत्र केल्यामुळे होतो. पहिला, पत्र पाठवणाऱ्यानं तिकीट लावून भरलेलं टपाल हंशील. दुसरा, एका टपाल खात्यानं दुसऱ्या टपाल खात्याला द्यायची रक्कम. तिसरा, सरकारी तिजोरीतून बोट कंपनीला दरसाल मिळणारं अनुदान. पाकिटावर पहिला हिशोब ठळक दिसतो, दुसरा खुणांमध्ये दडलेला असतो आणि तिसरा दिसतच नाही. तरीही पत्र कोणत्या वाटेनं गेलं हे ठरवणारा हिशोब तिसराच. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पी अँड ओ (पेनिन्सुलर अँड ओरिएंटल) या ब्रिटिश बोट कंपनीला १८४० मध्ये सनद मिळाली आणि १८४२ पासून तिची कलकत्ता–सुएझ बोट सुरू झाली. मुंबई–सुएझ टपाल मात्र ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार स्वतःच्या आगबोटींतून नेत होतं. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली, तेव्हापासूनची ही वाट. १८५४ नंतर तीही पी अँड ओकडे गेली. १८६८ च्या सुमारास मुंबईहून दर आठवड्याला मेलबोट सुटू लागली, आणि मार्च १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेल्यावर कलकत्त्याचं विलायती टपालसुद्धा मुंबईवरून जाऊ लागलं. त्या वेळी हिंदुस्थान आणि चीन मिळून पी अँड ओचं अनुदान वर्षाला ४,५०,००० पौंड होतं. १८७४ मध्ये ते ४,३०,००० झालं, १८८० मध्ये ३,६०,००० आणि १८८८ मध्ये २,६५,०००. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, कमी कोळशात चालणारी कंपाउंड इंजिनं आली, स्पर्धक कंपन्या उभ्या राहिल्या, आणि तिजोरीला घासाघीस करायला जागा मिळाली. पण घटलेली रक्कमही तिकिटांच्या उत्पन्नातून निघण्यासारखी नव्हती. हे अंतर कुणीतरी करातून भरायचं, आणि ते कुणी भरायचं यावरच वसाहतींमधली भांडणं होती.

करार कसा व्हायचा? निविदा मागवताना मुक्कामाची बंदरं, दोन फेऱ्यांमधलं अंतर आणि प्रत्येक टप्प्याला किती तास ते ठरवून दिलेलं असे. बोटीवर कुलूपबंद टपालखोली, टपालाबरोबर जाणाऱ्या अधिकाऱ्याला फुकट प्रवास, मालासाठी बोट थांबवायला बंदी, वाट सोडून दुसऱ्या बंदरात शिरायला बंदी, आणि युद्ध झालं तर बोट सरकारनं ताब्यात घ्यायची मुभा, ही कलमं जवळपास सगळीकडे सापडतात. उशिराला दंड असायचा, काही करारांत लवकर पोचल्यास बक्षीस. दंडातून सूट मिळायची ती वादळ, क्वारंटाइन आणि पावसाळ्याची. मुंबई–एडन हा साधारण १,६५० सागरी मैलांचा टप्पा. वेग १० नॉट, म्हणजे ताशी १० सागरी मैल धरला तर दिवसाला २४० मैल, म्हणजे सात दिवसांच्या आत. पण जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा समोरून येतो, बोटीला दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागतो आणि कोळसाही जास्त जळतो. म्हणून कराराच्या वेळापत्रकात पावसाळ्यासाठी वेगळी मुदत असे आणि मुंबईहून सुटण्याचा वारही अलीकडे आणला जाई. जुलैमधलं पाकीट जानेवारीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहणारे हमखास चुकतात.

निविदा भरणारे नेहमीच मोजके. वेळेवर धावणाऱ्या बोटीला मोठं इंजिन लागतं, इंजिनाला कोळसा, आणि कोळसा ठेवला तेवढी मालाची जागा गेली. वाटेत एडनसारख्या ठिकाणी कोळशाचे साठे कंपनीनंच आधी भरून ठेवायचे. एवढा पैसा गुंतवू शकणारी कंपनी प्रत्येक वाटेवर एखाद-दुसरीच. १८५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा करार घेतलेली युरोपियन अँड ऑस्ट्रेलियन कंपनी वर्षभरातच कोलमडली, आणि १८५९ पासून टपाल पुन्हा पी अँड ओकडे आलं.

आता पैसे भरणाऱ्यांकडे येऊ. ब्रिटिश तिजोरीचं १८५० च्या दशकातलं धोरण असं की ऑस्ट्रेलियन टपालाच्या खर्चाचा निम्मा भाग ब्रिटन उचलेल आणि निम्मा वसाहतींनी मिळून उचलायचा. वसाहतींनी आपसात कसा वाटायचा? पत्रांच्या संख्येनं वाटला तर व्यापारी शहरं असलेल्या व्हिक्टोरियावर आणि न्यू साउथ वेल्सवर भार. समान वाटला तर छोट्या वसाहती ओरडणार. शिवाय बोट आधी मेलबर्नला आणि मग सिडनीला गेली, तर सिडनीच्या व्यापाऱ्याला उत्तर लिहायला दोन-तीन दिवस कमी मिळतात, आणि पैसे मात्र तेवढेच. हे दोन-तीन दिवस क्षुल्लक नव्हते. परतीची बोट सुटण्याआधी उत्तर गेलं नाही तर ते पुढच्या बोटीनं जायचं, म्हणजे थेट पंधरवडा किंवा महिना वाया.

या भांडणातून १८७३–७४ मध्ये प्रत्येकानं आपापली वाट धरली. ब्रिटननं गॉल (सिलोनचं दक्षिणेकडचं बंदर), सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टपाल पोचवायचं, पुढची बोट वसाहतींनी आपल्या खर्चानं आणायची. व्हिक्टोरियानं पी अँड ओशी गॉल–मेलबर्न करार केला. न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंडनं पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली. क्वीन्सलंडनं टॉरेस सामुद्रधुनीतून सिंगापूर गाठलं. ज्या वसाहतीचा करार नाही तिनं दुसरीची बोट वापरली तर वापराप्रमाणे भरपाई द्यायची. त्यामुळे एकाच महिन्यात सिडनीहून निघालेली दोन पत्रं जगाच्या दोन विरुद्ध दिशांनी जाऊ शकत, आणि लिहिणाऱ्यानं ‘व्हाया’ लिहिलं नसेल तर टपाल खातं स्वतःच्या करारातली वाट निवडे. १८८८ मध्ये पुन्हा एकत्र करार झाला. पी अँड ओ आणि ओरिएंट लाइन यांनी आलटून-पालटून धावायचं, म्हणजे दर आठवड्याला एक बोट. वर्षाचं अनुदान १,७०,००० पौंड. त्यातले ९५,००० ब्रिटनचे आणि ७५,००० वसाहतींचे, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेले. माझ्या मते वसाहतींमधल्या टपालाचा इतिहास समजून घ्यायला ही १८७४ ते १८८८ ची चौदा वर्षं सगळ्यात उपयोगी आहेत, कारण प्रत्येक वाटेमागे कुणाचा पैसा आहे हे तेव्हा सरळ दिसतं.

मुंबईच्या बाजूला चित्र वेगळं. इथल्या शाखा-वाटांवर पैसा टाकताना राजकारण व्यापाराइतकंच मोठं होतं. इराणच्या आखाताचा टपाल करार १८६२ मध्ये मॅकिननच्या ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला मिळाला. मुंबईहून कराची, मस्कत, बुशायर करत बोट बसऱ्याला जायची. आधी सहा आठवड्यांतून एकदा, १८७० च्या दशकात दर आठवड्याला. मस्कत आणि बुशायरला १८६४ मध्ये हिंदुस्थानी टपाल कचेऱ्या उघडल्या आणि तिथे आपलीच आण्यांची तिकिटं चालत. एडनलाही १९३७ पर्यंत तीच चालली. झांझिबारची एडनहून जाणारी मासिक बोट १८७२ पासून, करार लंडनच्या तिजोरीचा, बोट पुन्हा ब्रिटिश इंडिया कंपनीचीच. गुलामांच्या व्यापारावर लक्ष ठेवायला तिथे नियमित दळणवळण हवं होतं. कच्छी व्यापाऱ्यांच्या पत्रांनी त्या बोटीचा खर्च कधीच निघाला नसता. तिथली हिंदुस्थानी कचेरी १८७५ पासून १८९५ पर्यंत चालली. या ठिकाणांहून मुंबईला आलेलं पत्र परदेशी दिसत असलं तरी ते एकाच खात्यातलं टपाल होतं, त्यात खात्या-खात्यांचा हिशोब शोधू नका.

दुसरा हिशोब, म्हणजे खात्या-खात्यांमधला. आंतरराष्ट्रीय टपाल युनियनच्या आधी प्रत्येक दोन देशांमध्ये वेगळा करार. बंद थैलीबरोबर एक यादी जायची: पैसे भरलेली पत्रं इतकी, न भरलेली इतकी, आम्हाला येणं इतकं, तुम्हाला देणं इतकं. हेच आकडे पत्रावरही उमटवत. तांबड्या शाईतला आकडा म्हणजे पैसे आधी भरलेत आणि त्यातले एवढे पुढच्या खात्याच्या नावे जमा. काळ्या शाईतला म्हणजे पैसे यायचे आहेत, एवढे पुढच्या खात्याच्या नावे टाका. तिकिटाजवळचा तांबडा ‘१’ पाहून तो दंड समजणारे पुष्कळ भेटतात. तो दंड नाही, पेनीची जमा आहे.

ही युनियन उभी करणारा बर्नचा करार १८७४ चा, अंमल १ जुलै १८७५ पासून. हिंदुस्थान १ जुलै १८७६ ला आत आला. तत्त्व सोपं ठरलं: ज्यानं तिकीट विकलं त्यानं सगळे पैसे ठेवायचे, पत्रागणिक हिशोब बंद. पण दुसऱ्याच्या बोटीनं टपाल नेलं तर वजनावर भाडं द्यायचं. १८७८ च्या पॅरिस करारात लांबच्या समुद्रवाटेचा दर पत्रांना किलोमागे १५ फ्रँक आणि छापील टपालाला १ फ्रँक. आता हा हिशोब करून पाहा. १५ ग्रॅमच्या पत्राचं युनियनमधलं मूळ हंशील २५ सेंटिम (१०० सेंटिमांचा एक फ्रँक). त्याच पत्राचं समुद्रभाडं १५ फ्रँक गुणिले ०.०१५, म्हणजे साडेबावीस सेंटिम. हाती उरले अडीच. वर्तमानपत्राचं त्याहून वाईट: ५० ग्रॅमला हंशील ५ सेंटिम, भाडंही ५ सेंटिम. म्हणून लांबच्या देशांना मूळ दरावर अधिभार लावायची मुभा ठेवावी लागली, आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियन वसाहती १ ऑक्टोबर १८९१ पर्यंत युनियनबाहेर राहिल्या. सहा पेनीचा दर अडीच पेनीवर आणायचा, अनुदान मात्र तेवढंच द्यायचं, हे त्यांच्या कोषाध्यक्षांना परवडणारं नव्हतं. त्यांना आडमुठे ठरवणं मला पटत नाही. त्यांचं गणित बरोबर होतं.

वजनाचा प्रत्येक दाणा मोजणं शक्य नव्हतं, म्हणून ठराविक वर्षांनी २८ दिवसांची मोजणी व्हायची आणि तिच्यावरून पुढच्या काळाचं देणं ठरायचं. मोजणी मंदीच्या दिवसांत आली तर बोटवाल्या देशाचं नुकसान, सणासुदीत आली तर दुसऱ्याचं.

हिंदुस्थानपुढे आणखी एक अडचण होती. देणी पौंडांत आणि सोन्याच्या फ्रँकमध्ये, उत्पन्न चांदीच्या रुपयांत. १८७० च्या सुमारास रुपया जवळपास २ शिलिंगांचा होता, १८९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास घसरला. तिकिटांवर याचा सरळ पुरावा आहे. २ शिलिंगांच्या, म्हणजे २४ पेन्सच्या रुपयात आणा म्हणजे दीड पेनी, १ शिलिंग ४ पेन्सच्या, म्हणजे १६ पेन्सच्या रुपयात आणा म्हणजे बरोबर एक पेनी. १ जानेवारी १८९१ ला ब्रिटननं वसाहतींसाठी अडीच पेनीचा एकच दर केला, तेव्हा इथला दर अडीच आणे झाला. त्यासाठी १८८६ चं साडेचार आण्यांचं हिरवट तिकीट ‘२½’ असा छाप मारून चालवलं गेलं. २५ डिसेंबर १८९८ च्या साम्राज्य पेनी टपालात (साम्राज्यातल्या सहभागी भागांमध्ये एका पेनीत पत्र) पेनीला एक आणा धरला तोही याच हिशोबानं. त्या पेनी योजनेत ऑस्ट्रेलियन वसाहती लगेच आल्या नाहीत, हे लक्षात ठेवा.

आता तुमचं १८८४ चं पाकीट. तिकिटांची बेरीज करायच्या आधी तारखा लिहून काढा: मुंबईचा शिक्का, टुटिकोरिन, कोलंबो, मेलबर्न. टुटिकोरिनचा शिक्का सांगतो की पत्र मुंबईहून बोटीनं गेलंच नाही. ते रेल्वेनं मद्रास इलाख्याच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून छोट्या आगबोटीनं कोलंबोला. तिथे ते लंडनहून आलेल्या मेलबोटीची वाट पाहत थांबलं. हे थांबणंच सगळ्यात मोठा विलंब असतो. कोलंबो आणि मेलबर्नच्या शिक्क्यांमधलं अंतर बोटीच्या प्रवासापेक्षा बरंच जास्त दिसलं, तर आधीची बोट चुकली असं समजा. १८८२ च्या आधीचं पाकीट असतं तर कोलंबोऐवजी गॉल दिसलं असतं. गॉलचं बंदर खडकाळ होतं. १ नोव्हेंबर १८७१ ला ऑस्ट्रेलियाचं टपाल घेतलेली ‘रंगून’ तिथेच खडकावर जाऊन बुडाली. कोलंबोच्या लाटरोधक बांधाचा आसरा मिळू लागल्यावर पी अँड ओनं गॉल सोडलं.

पैशाचा मार्ग असा: मुंबई ते कोलंबो हिंदुस्थानी खात्याच्या खर्चानं, कोलंबो ते मेलबर्न व्हिक्टोरियाच्या कराराच्या बोटीनं. हिंदुस्थान युनियनमध्ये, व्हिक्टोरिया बाहेर. म्हणजे ‘तिकीट विकणाऱ्याचे सगळे पैसे’ हा नियम इथे लागू नाही. दर तपासताना युनियनच्या दरांचा तक्ता घेऊ नका, युनियनबाहेरच्या देशांचा घ्या. पत्र अपुऱ्या तिकिटांचं असेल तर युनियनची ‘टी’ खूण आणि सेंटिममधला आकडा अपेक्षित धरू नका. मेलबर्ननं पेनीत वसुली केली असेल. वजनातही फसगत होते. देशांतर्गत पत्र तोळ्यावर तोललं जाई, अर्ध्या तोळ्याला अर्धा आणा. परदेशी पत्र अर्ध्या औंसावर. अर्धा औंस म्हणजे १४.१७ ग्रॅम, साधारण १.२ तोळा. देशी दराचे पट लावून परदेशी पाकिटाचा दर कधीच जुळणार नाही.

पाकिटावर ‘लेट फी’चा उल्लेख असेल तर ज्यादा तिकीट त्यासाठीचं. मेलबोटीच्या दिवशी थैल्या बंद झाल्यानंतरही ज्यादा पैसे भरून पत्र टाकता येई. व्यापारी ही सोय सर्रास वापरत, कारण हुंडीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या बोटींनी पाठवायची रीत होती आणि पहिली प्रत शक्य तितकी उशिरा, ताज्या भावासह जावी हा हेतू. उलट मुंबईकडे येणाऱ्या पाकिटावर ‘सी पोस्ट ऑफिस’चा शिक्का दिसतो. १८६८ पासून सुएझ–मुंबई, पुढे एडन–मुंबई टप्प्यावर बोटीतच टपालाची वर्गवारी होत असे, म्हणजे मुंबईत उतरल्याबरोबर थैल्या आगगाडीत चढायच्या. ही व्यवस्था १९१४ मध्ये बंद झाली. तो शिक्का पत्र कुठून निघालं ते सांगत नाही, फक्त कोणत्या फेरीत हाताळलं गेलं ते सांगतो.

तिकीट गळालेलं पाकीट पाहून लगेच नॉटपेड ठरवू नका. ‘कोलंबो’ नावाची बोट नोव्हेंबर १८६२ मध्ये मिनिकॉयला फुटली, ‘कर्नाटिक’ सप्टेंबर १८६९ मध्ये मुंबईकडे येताना तांबड्या समुद्रात. अशा बुडितांतून काढलेल्या पत्रांची तिकिटं पाण्यानं सुटलेली असतात. ‘कोलंबो’च्या पत्रांवर तसा वेगळा शिक्काही मारला होता. कागदावर मिठाच्या पाण्याची कड आणि तिकिटाच्या जागी फिकट चौकोन असेल तर आधी अपघातांच्या तारखा पाहा.

पणजीचं पाकीट माझ्या दृष्टीनं दोन्हींमध्ये मोलाचं. पोर्तुगीज इंडियाची स्वतःची तिकिटं ऑक्टोबर १८७१ पासून, पण गोव्याहून युरोपला जाणारी नियमित पोर्तुगीज मेलबोट नव्हती. सगळं टपाल मुंबईवरून जायचं. लिस्बन आणि कलकत्ता यांच्यात एकाच तिकिटावर सारा प्रवास भागवणारा करार नव्हता, म्हणून पाठवणाऱ्यानं दोनदा पैसे भरायचे: पोर्तुगीज तिकीट गोव्यातल्या टप्प्यापुरतं, आणि ब्रिटिश इंडियाचं तिकीट पुढे मुंबई आणि समुद्रवाटेसाठी. गोव्यात ब्रिटिश हिंदुस्थानी टपालाची कचेरी होती, तिथे हे दुसरं तिकीट रद्द होई. पोर्तुगीज वसाहती १ जुलै १८७७ ला युनियनमध्ये आल्या आणि ही दुहेरी पद्धत संपली. म्हणजे असं पाकीट फार तर पावणेसहा वर्षांच्या काळातलंच असू शकतं.

खरेपणा तपासताना दोन्ही तिकिटांवरचे शिक्के वेगळ्या खात्यांचे हवेत आणि प्रत्येक शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर सलग उतरलेली हवी. एकाच शिक्क्यानं दोन्ही तिकिटं रद्द झाली असतील तर संशय घ्या. मागे मुंबईचा शिक्का शोधा. तो पणजीच्या तारखेनंतर काही दिवसांतला आणि मेलबोट सुटण्याच्या आधीचा असला पाहिजे. पुढच्या बाजूला रेइस या पोर्तुगीज चलनातला हाती किंवा छापील आकडा असेल तर ती लिस्बनला पत्र घेणाऱ्याकडून केलेली वसुली. म्हणजे दोनदा भरूनही पोर्तुगालमधला टप्पा उरलाच होता, आणि एका पत्राचे पैसे तीन ठिकाणी दिले गेले. तिकिटं सोडवू नका, पाकीट पाण्याजवळ नेऊ नका, आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रं तिरप्या उजेडात काढा. पुसट झालेला मुंबईचा शिक्का बऱ्याचदा तिथेच वाचता येतो.